छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टचे निकाल आणि बजेट : न्यू जर्सीतल्या पालकांनो, जरा इकडे या

केतकीपान

न्यू जर्सीत छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टमधे (म्हणजे ज्या गावाच्या शाळांचं स्वतःचं बोर्ड आणि बजेट असतं) राहणाऱ्या पालकांसाठी मुद्दाम हा धागा काढतेय. एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो वगैरे मोठ्या ठिकाणांबद्दल इथे भरपूर लिहिलं गेलंय, पण ज्या गावात एकच के-८ (बालवाडी ते आठवी) शाळा आहे, एका ग्रेडमधे वीस-बावीस मुलं, आणि नववीपासून मुलं शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातात, अशा डिस्ट्रिक्टचं सगळं गणितच वेगळं असतं. ते माहीत नसल्यामुळे आपली माणसं भलत्यांवरच राग काढतायत असं मला वाटतं, म्हणून लिहितेय. मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. तिसरीचा एनजेएसएलए-चा (राज्याच्या परीक्षेचा) निकाल घसरला, आणि मार्चमधे जे टेंटेटिव्ह बजेट आलं त्यात रीडिंग स्पेशालिस्टची पोस्ट गेली, स्पॅनिश अर्ध्यावर आलं आणि दोन सेक्शनचा एक सेक्शन करायचं ठरलं. आमच्या देसी पेरेंट्सच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लगेच सुरू झालं, शाळा बिघडली, टीचर्सना काही पडलेलं नाही, मिडल स्कूलच्या आधी घर विकून दुसरीकडे गेलेलं बरं. रिअल्टरचे नंबर पण फॉरवर्ड झाले.

आधी निकालाबद्दल. समजा वर्गात २२ मुलं आहेत आणि १४ जण लेव्हल ४ ला, म्हणजे पासच्या पातळीला, पोचली, तर वेबसाइटवर ६४ टक्के दिसतात. पुढच्या वर्षी ११ पोचली की ५० टक्के. ग्राफ बघितला तर वाटतं शाळेचं दिवाळं निघालं, आणि फरक किती तर तीन मुलांचा! त्यातलं एक कदाचित मधेच दुसऱ्या राज्यातून आलेलं असेल, एक वर्षभर आजारी असेल. शिवाय ७५० ला पास आणि ७४८ ला नापास असा तो कटऑफ आहे, म्हणजे ज्याला ७४८ मिळाले आणि ज्याला ६६० मिळाले ते दोघं त्या टक्केवारीत एकाच खात्यात. मोठ्या डिस्ट्रिक्टमधे चारशे-पाचशे मुलं असतात तेव्हा ही वर-खाली एकमेकांत जिरून जाते, आपल्याकडे ती उघडी पडते. आणि दहापेक्षा कमी मुलांचा गट असेल तर प्रायव्हसीसाठी राज्य तो आकडाच दाखवत नाही, त्यामुळे स्पेशल एड (विशेष गरजा असलेल्या) किंवा इंग्लिश शिकणाऱ्या मुलांचं नक्की काय चाललंय हे छोट्या शाळेच्या रिपोर्टमधे बऱ्याचदा दिसतच नाही.

म्हणून मी एका वर्षाचे टक्के बघत नाही. तीन-चार वर्षांची सरासरी बघते, आणि स्टेटच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमधे स्टुडंट ग्रोथचा वेगळा भाग असतो तो बघते. त्यात आधी साधारण तेवढेच मार्क असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत आपलं मूल किती पुढे गेलं हे मोजतात. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचा डेटा लावून दाखवलंय की सरासरी मार्क हे बरंचसं घरच्या परिस्थितीवर जातात, पण मुलं वर्षाला किती शिकतात याचा श्रीमंतीशी फार कमी संबंध आहे. शिकागोच्या पब्लिक स्कूल्समधे तिसरी ते आठवी या पाच वर्षांत मुलं साधारण सहा वर्षांचं शिकली असं त्यात निघालं होतं. शिकागोच्या शाळांबद्दल आपण काय काय ऐकलेलं असतं ते आठवा.

आता ती रीडिंग स्पेशालिस्ट. ती चार-चार मुलांना वर्गातून बाहेर घेऊन बसते, अक्षरांच्या टाइल्स पुढे मांडते आणि एक आवाज बदलला की शब्द कसा बदलतो ते मुलांकडूनच करवून घेते. तिसरीच्या निकालात जी दोन-तीन मुलं पासाच्या काठावर आहेत ती हीच. निकाल घसरला म्हणून ओरडायचं आणि त्याच वर्षी हीच पोस्ट काढायची, हे मला अजिबात पटत नाहीये. बजेटची हिअरिंग, जिथे गावातल्या लोकांना बोलता येतं, ती एप्रिलच्या शेवटी आहे. तुमच्या गावात काय चाललंय ते लिहा.

जर्सीवासी

निकालाचं पटलं. पण पैशाचं मला कोणीतरी समजावून सांगा. आमचा प्रॉपर्टी टॅक्स दरवर्षी वाढतोय, २०२४ ला राज्याची सरासरीच १०,००० डॉलरच्या वर गेली, त्यातला निम्म्याहून जास्त शाळेला जातो, आणि तरी दर मार्चमधे शाळा म्हणते पैसे नाहीत. मग जातात कुठे? आमच्या बोर्ड मीटिंगला सुपरिंटेंडंट स्लाइड दाखवतात, त्यात रंगीत पाय चार्ट असतो, आणि घरी येईपर्यंत काहीच लक्षात राहत नाही. आणि दुसरं, नुसते पैसे ओतून निकाल सुधारतो का? सुधारत असता तर जिथे जास्त खर्च होतो तिथे सगळं छान असतं.

अंकगणित

मी आमच्या गावात बजेटच्या मीटिंगना नियमित जातो त्यामुळे थोडं लिहू शकतो.

न्यू जर्सीत सगळं २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टवर चालतं. राज्य आधी ठरवतं की तुमच्या मुलांना पुरेसं शिक्षण द्यायला किती पैसे लागतील, त्याला अॅडिक्वसी बजेट म्हणतात. मग ठरवतं की तुमचं गाव स्वतः किती देऊ शकतं, तो लोकल फेअर शेअर, आणि तो निम्मा गावातल्या प्रॉपर्टीच्या किमतीवर आणि निम्मा लोकांच्या उत्पन्नावर काढतात. दोन्हींमधला फरक म्हणजे इक्वलायझेशन एड, राज्याकडून मिळणारी मदत. कागदावर चांगला फॉर्म्युला आहे, आणि यामागे मोठी लढाई आहे. १९७३ च्या रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात कोर्टाने सांगितलं की नुसत्या प्रॉपर्टी टॅक्सवर शाळा चालवणं राज्यघटनेत बसत नाही. विधिमंडळ पैशाची सोय करेना म्हणून जुलै १९७६ ला कोर्टाने शाळांवर खर्च करायलाच मनाई केली, आणि तेव्हा कुठे या राज्यात इन्कम टॅक्स आला. पुढे अॅबट विरुद्ध बर्कचे निकाल आले ते गरीब शहरांतल्या मुलांसाठी. या सगळ्यातून हा फॉर्म्युला निघालाय.

घोळ असा होतो की कोविडनंतर घरांच्या किमती भडकल्या. गावातल्या कोणाच्या खिशात एक डॉलर जास्त आला नाही, पण फॉर्म्युल्याच्या हिशोबाने गाव श्रीमंत झालं, लोकल फेअर शेअर वाढला आणि एड कमी झाली. राज्य म्हणतं तुम्ही स्वतः जास्त भरा, आणि २०१० चा कायदा म्हणतो टॅक्स लेव्ही (गावातून शाळेसाठी गोळा होणारा एकूण टॅक्स) वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. दोन्ही बाजूंनी अडकलो. त्यात २०१८ चा एस-२ कायदा, ज्याने २००८ पासून काही डिस्ट्रिक्टना मिळणारी जास्तीची अॅडजस्टमेंट एड सात वर्षांत हळूहळू काढून घेतली. शहरांतल्या ज्या शाळांना वर्षानुवर्षं कमी मिळत होतं त्यांच्याकडे ती वळवली हे योग्यच होतं, पण पट कमी होत चाललेल्या कितीतरी छोट्या गावांना त्याचा जबर फटका बसला. २०२५-२६ साठी राज्याने एडमधली घट ३ टक्क्यांपर्यंत आणि वाढ ६ टक्क्यांपर्यंतच ठेवली, थोडा श्वास घ्यायला मिळाला एवढंच.

आता २ टक्के म्हणजे किती ते बघा. समजा लेव्ही ८० लाख डॉलर आहे. २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एवढ्यात सगळ्यांचे काँट्रॅक्टचे पगारवाढ, बस, वीज, आणि हेल्थ इन्शुरन्स बसवायचा, जो गेली काही वर्षं दोन आकडी टक्क्यांनी वाढतोय. हेल्थसाठी या २ टक्क्यांच्या कॅपमधून थोडी सूट मिळते पण ती वापरली की टॅक्स वाढतो आणि लोक चिडतात. हायस्कूल शेजारच्या डिस्ट्रिक्टचं असेल तर त्यांची ट्यूशन द्यायची, आणि तिचा खरा रेट नंतर ठरतो, म्हणजे आधीच्या वर्षाचा हिशोब दोन वर्षांनी येऊन पडतो. मागे टाकून ठेवू म्हणाल तर सरप्लसलाही मर्यादा आहे, बजेटच्या २ टक्के किंवा अडीच लाख डॉलर यातलं जे जास्त असेल तेवढाच ठेवता येतो. शाळेत एक शिक्षक कमी केला तर मोठ्या डिस्ट्रिक्टमधे वर्गात दोन मुलं वाढतात, आपल्याकडे अख्खा विषय जातो.

वर हे पण आहे की कोविडचे फेडरल पैसे ३० सप्टेंबर २०२४ ला संपले. कित्येक ठिकाणी रीडिंग आणि मॅथचे इंटरव्हेन्शनवाले त्याच पैशांतून घेतलेले होते. केतकीपान, तुमच्या रीडिंग स्पेशालिस्टची पोस्ट त्यातलीच आहे का ते विचारून बघा.

आणि जर्सीवासी, पैशाने फरक पडतो. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांचा २०१६ चा अभ्यास आहे, शाळेची बाराही वर्षं दर मुलामागे १० टक्के जास्त खर्च झाला तर गरीब घरातली मुलं जवळपास अर्धं वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली. टेनेसीत ऐंशीच्या दशकात प्रोजेक्ट स्टार झाला, १३ ते १७ मुलांचे वर्ग आणि २२ ते २५ मुलांचे वर्ग, लहान वर्गातली मुलं पुढे होती. पैसे कशावर जातात हे महत्त्वाचं आहेच, पण पैशाचा संबंध नाही हे म्हणणं आता टिकत नाही.

जर्सीवासी

धन्यवाद अंकगणित, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. पण आमच्या मीटिंगला एक जण उभे राहून म्हणाले की खरा खर्च आउट-ऑफ-डिस्ट्रिक्ट (डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या शाळेत पाठवलेल्या) मुलांवर होतो, तीन-चार मुलांसाठी बाकीच्या मुलांनी का सोसायचं. बरेच लोक माना हलवत होते. यावर काय?

मोहोर

यावर मी लिहिते, कारण त्या तीन-चार मुलांपैकी एक माझा आहे.

माझ्या मुलाला ऑटिझम आहे, बोलत नाही. आमच्या गावच्या शाळेत त्याच्यासाठी प्रोग्राम नाही, एवढ्या छोट्या शाळेत असणं शक्यही नाही, म्हणून आयईपी टीमने (मुलाच्या स्पेशल एडचा आराखडा ठरवणाऱ्या टीमने) त्याला बाहेरच्या शाळेत प्लेस केलं. फी आणि बस मिळून आकडा लाख डॉलरच्या आसपास जातो. बजेटच्या कागदावर तो एका ओळीत असतो, प्रायव्हेट स्कूल्स फॉर द डिसेबल्ड म्हणून. गाव एवढं छोटं आहे की ती ओळ वाचून दाखवली की सगळ्यांना कळतं कोणाबद्दल चाललंय. मी त्या खोलीत बसलेली असते. फोल्डिंगच्या खुर्च्या, पुढे माइक, तीन मिनिटांचा टायमर, आणि कोणीतरी माझ्या मुलाचा आकडा वाचतंय. तो उठून विचारणारा माणूस वाईट नाहीये, हॅलोवीनला माझ्या मुलासाठी वेगळी कँडी काढून ठेवतो. त्याला कोणी सांगितलेलंच नाहीये की हे असं का आहे.

तर सांगते. १९७५ ला फेडरल कायदा झाला तेव्हा अमेरिकन काँग्रेसने म्हटलं होतं की देशात एका मुलामागे सरासरी जो खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम आम्ही स्पेशल एडच्या दर मुलामागे देऊ. आजवर कधीच तेवढे दिले नाहीत, सध्या १५ टक्क्यांच्याही खाली आहेत. राज्याचं एक्स्ट्राऑर्डिनरी एड आहे, प्रायव्हेट प्लेसमेंटचा खर्च ५५,००० च्या वर गेला की वरच्या रकमेचे ७५ टक्के देणार असं लिहिलंय, पण राज्याच्या बजेटमधे तेवढे पैसे ठेवत नाहीत म्हणून हातात कमी येतात, आणि येतात ते खर्च होऊन गेल्यावर. शिवाय २००८ चा फॉर्म्युला स्पेशल एडची मुलं मोजायचाच नाही, राज्याची सरासरी धरायचा. शंभर-दोनशे मुलांच्या डिस्ट्रिक्टला सरासरी कशी लागू पडेल? एक कुटुंब गावात राहायला आलं की सरासरी मोडते. वॉशिंग्टन आणि ट्रेंटनने (केंद्र आणि राज्य सरकारने) जे द्यायचं ते दिलं नाही, आणि भांडणं आम्हा शेजाऱ्यांत.

केतकीपान, तुमच्या रीडिंग स्पेशालिस्टच्या बाजूने मी हिअरिंगला बोलेन. फक्त तिची पोस्ट वाचवताना माझ्या मुलाची ओळ कोणी पुढे करू नका.

झेडपीगुरुजी

मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुमचं वाचतोय आणि वाटतंय, अरे हे तर आपलंच चाललंय. आकडे सोडा, आमच्याकडे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाचे १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान, त्यात लाइट बिल, खडू, दुरुस्ती, सफाई सगळं. पण पेच तोच. पट कमी म्हणून शिक्षक कमी, दोन शिक्षक आणि पाच वर्ग, मग एकाला ट्रेनिंग किंवा निवडणुकीचं काम लागलं की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. निकाल पडला की पालक पोरांना इंग्लिश मीडियमच्या बसमधे बसवतात, पट अजून कमी, पुढच्या संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) अजून एक पद धोक्यात. तुमच्यासारखंच एका मुलाने टक्केवारी हलते, आमच्या चौथीत सहा पोरं आहेत.

आणि बंद करायचं टांगतं असतंच. २०१७ ला १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी निघाली होती, २०२३ ला २० च्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं पत्र आलं. पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देतात. गाडीची सोय नीट झाली तर काही ठिकाणी ते चालेलही, पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दुसऱ्या वाडीला पहिलीची पोर कशी जाणार, आणि मुलींचं तर शिक्षणच सुटतं. मोहोरताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या शाळेतही एक दिव्यांग मुलगी आहे, विशेष शिक्षक महिन्यातून कधीतरी येतात, बाकी आम्हीच बघतो.

सह्याद्री_एनजे

गुरुजींनी समूह शाळेचं काढलं म्हणून लिहितो, इथेही तोच विषय आहे, इथे त्याला रिजनलायझेशन म्हणतात. या एवढ्याशा राज्यात सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचा सुपरिंटेंडंट, बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर, वकील, ऑडिटर. मला प्रामाणिकपणे वाटतं की रीडिंग स्पेशालिस्ट काढण्याआधी हा खर्च वाटून घ्यायला हवा. हंटरडन काउंटीत लॅम्बर्टविल, स्टॉकटन आणि वेस्ट अॅमवेल यांनी २०१३ ला मतदान करून साउथ हंटरडन रिजनल केलं. २०२४ ला अटलांटिक हायलँड्स, हायलँड्स आणि हेन्री हडसन एक झाले. २०२२ पासून राज्य अभ्यासासाठी ग्रँटही देतं. अडतं ते बहुतेक वेळा खर्चाची वाटणी कशी करायची यावर, मुलांच्या संख्येवर की प्रॉपर्टीच्या किमतीवर, कारण एका गावाचा टॅक्स उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढतो. आणि आपली शाळा आपल्या गावात असावी हे लोकांना मनापासून हवं असतं, ते मी समजू शकतो, माझी मुलं चालत जातात शाळेत.

अंकगणित

सह्याद्री, सहमत, पण त्याला तीन-चार वर्षं जातात. तोवर शेअर्ड सर्व्हिस करता येते, एकच बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर दोन गावांना. रीडिंग स्पेशालिस्टसुद्धा दोन डिस्ट्रिक्ट मिळून ठेवू शकतात, हे हिअरिंगला विचारा.

नवीनच_आलोय

आम्ही एच-१ वर आहोत, मागच्या वर्षी घर घेतलं. मतदान करता येत नाही, मग आम्ही बोलून उपयोग आहे का? आणि नोव्हेंबरला ज्याचं मतदान असतं ते बजेटवरच ना?

केतकीपान

नवीनच_आलोय, उपयोग आहे, नक्की या. मत द्यायला आणि बोर्डावर जायला सिटिझन असावं लागतं, पण हिअरिंगला बोलायला तसली अट नाही, आणि टॅक्स तर तुम्हीही भरता. आमच्याकडे हिअरिंगला येतात ते बहुतेक ज्यांची मुलं मोठी होऊन बाहेर पडली असे लोक, त्यांना टॅक्सची काळजी असते आणि ती रास्त आहे, पण ज्यांची मुलं आत्ता वर्गात बसलीत ते घरी असतात. आपली मराठी, गुजराती, तेलुगू घरं गावात एवढी वाढली तरी त्या खोलीत आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

नोव्हेंबरचं म्हणाल तर ज्या डिस्ट्रिक्टनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेलीय तिथे २ टक्क्यांच्या आतल्या बजेटवर मतदान होतच नाही, फक्त कॅपच्या वर मागायचं असेल तर वेगळा प्रश्न मतपत्रिकेवर येतो. म्हणजे बहुतेक गावांत बजेटवर बोलायची हीच एक वेळ. आणि १५ मेच्या आत नॉन-टेन्युअर (अजून कायम न झालेल्या) शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे कळवावं लागतं, त्यामुळे जूनमधे पिटिशन फिरवून हाती काही लागत नाही, तोपर्यंत चांगल्या माणसाने दुसरीकडे नोकरी धरलेली असते.

मोहोर, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मी माझ्या तीन मिनिटांत त्या ओळीचा विषय काढणार नाही, आणि दुसऱ्या कोणी काढला तर एक्स्ट्राऑर्डिनरी एड राज्याने पूर्ण दिलं असतं तर आपल्या डिस्ट्रिक्टला किती मिळालं असतं, हा प्रश्न मी बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटरला तिथेच विचारेन. तो आकडा त्यांच्याकडे असतोच, अर्ज त्यांनीच भरलेला असतो. तो मीटिंगच्या मिनिट्समधे (इतिवृत्तात) आला की आपल्या सेनेटर आणि दोन्ही असेंब्लीवाल्यांना पाठवता येतो, ट्रेंटनचं बजेट ३० जूनपर्यंत पास व्हायचं असतं.

बाकीच्यांनी एवढं करा. डिस्ट्रिक्टच्या साइटवर युजर-फ्रेंडली बजेट टाकावंच लागतं, ते उघडा, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा कॉलम शेजारी शेजारी असतो, कुठली ओळ किती वाढली ते बघून एकच प्रश्न तयार करा. अंकगणित, दोन डिस्ट्रिक्ट मिळून स्पेशालिस्ट ठेवण्याचा मुद्दा मी घेतेय, तुमच्या गावात कोणी असं केलं असेल तर त्याच्या अॅग्रीमेंटची कॉपी मिळेल का? व्यनि करा. आणि शेजारच्या गावातलं कोणी इथे असेल तर प्लीज लिहा, तुमच्याकडे हिअरिंग आमच्या आधी आहे.